दोन टक्के

शेवटचा पेशंट गेला की खोली माझी होते.
दाराबाहेर ट्रे. त्यात घड्याळ, किल्ल्या,
केसांतल्या पिना, बँकेचं कार्ड,
आणि साबण लावल्याशिवाय न निघणारी अंगठी.
शेफिल्ड. इथल्या सुऱ्यांवर अजून गावाचं नाव कोरतात,
आणि या गावात ही एक खोली
जिथे पोलादाला मज्जाव.

चुंबक कधीच बंद होत नाही.
रात्री, रविवारी, नाताळात,
कोणी नसतानाही ओढत बसतो
जे ओढता येईल ते.

हातमोजे घालून मी फिल्मचे तुकडे कापते.
फिकट पिवळे,
शाळेतल्या हळदीच्या कागदासारखे.
प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात मार्करचा ठिपका,
उद्या स्कॅनरवर ठेवताना
डोकं कुठे, पाय कुठे, चुकायला नको.
आडवा ठेवला की तोच तुकडा वेगळं बोलतो.
माणसंही बोलतात, पण ते असो.

किरण लागले की पिवळ्याचा हिरवा होतो.
आंबा उलटा पिकावा तसा,
पाडाकडून कैरीकडे.
जेवढी मात्रा तेवढी गर्द कैरी.
आणि लगेच वाचायचं नाही.
आतले स्फटिक रात्रभर
एकमेकांचे हात शोधत राहतात.
चोवीस तास त्यांना एकटं सोडायचं.

तीन महिने एकच प्रश्न आहे:
चुंबकात बसलेली फिल्म
पुरतं सांगते का?

तीच मात्रा, तोच प्लास्टिकचा ठोकळा
ज्याला आम्ही बिनदिक्कत पाणी म्हणतो.
एक तुकडा इथे वर,
एक तळमजल्यावर, जुन्या यंत्राखाली.
वरचा जरासा फिका.
दोन टक्के.

आधी मला हवेचा संशय.
फिल्मखाली केसभर फट राहिली
तरी इलेक्ट्रॉन तिथे गिरकी घेतात
आणि निघाले तिथेच माघारी येऊन आदळतात.
मी फट दाबून काढली. पाणी घातलं, खरंखुरं.
पुन्हा मोजलं.
दोन टक्के.

मॅल्कम म्हणाला, "चहात साखर कमी पडल्यासारखं आहे गं."
मॅल्कम चहा बिनसाखरेचा पितो.

मंगळवारी मिस्टर स्टॅनिफोर्थ आले.
किएराने यादीतला प्रश्न विचारला:
डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?
ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.
"पोरी, एक्केचाळीस वर्षं चाकूंना धार लावली.
कधी गेला नव्हता, असं विचार."

एक्स-रेत डाव्या खोबणीत
एक पांढरी रेघ. तिळाएवढीही नाही.
आमच्या चुंबकाला तेवढी पुरते.

त्यांना तळमजल्यावर पाठवलं.
मला वाटलं, हिरमुसतील.
नवं यंत्र, वर्तमानपत्रात फोटो आलेला.
ते कोट चढवत म्हणाले,
"गावातलं काहीतरी जवळ आहे म्हणायचं."
मग माझ्या हातातल्या पाकिटाकडे बोट:
"आणि ते पिवळं?"
मी सांगितलं. किती किरण पोचले ते लक्षात ठेवतं.
"बरोबर ठेवतं?"
मी म्हणाले, खाली ठेवतं.

त्यांच्या तुकड्याला काही लावावं लागलं नाही.
आकडा जसा आला तसा लिहिला.
वरच्यांसाठी मात्र कागदाच्या तळाशी
एक छोटा गुणक लिहिते,
शेजारी सही, तारीख,
आणि मॅल्कमची दुसरी सही.

दुरुस्ती करता येते.
कारण अजून कळलेलं नाही.
चुंबकात स्फटिकांचे हात सुटतात,
की धरायचेच राहून जातात?
की त्यांची दिशाच थोडी वळते,
आणि आमच्या स्कॅनरला ती
फिकी वाटते, एवढंच?

रात्री साडेनऊ.
तुकडे पाकिटात, पाकीट काळ्या डब्यात,
डब्यावर उद्याची वेळ.
ट्रेमधून पिना उचलते, घड्याळ, किल्ल्या.
अंगठी
घालताना साबण लागत नाही.